रेकॉर्ड म्हणजे पुरावा नव्हे

धर्मापुरीच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीत एकच पेपर दहा जण वाचतात. परवा त्यात एका दरोड्यातल्या संशयिताची बातमी होती आणि मधोमध ठळक चौकट होती, ‘आरोपीवर यापूर्वी अकरा गुन्हे दाखल’. पेपर आमच्या गुरुजींच्या हातात होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, “तू रोज कोर्टात जातोस ना रे? मग मला सांग, अकरा गुन्हे असलेल्या माणसाला अजून पुरावा कशाला लागतो? ही यादीच न्यायाधीशांपुढं ठेवायची आणि मोकळं व्हायचं.” टपरीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा देणाऱ्या पोरानंसुद्धा.

गुरुजींनी मला पाढे शिकवले. भर टपरीत त्यांच्याशी वाद घालायचा नाही म्हणून मी गप्प बसलो. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, कारण ते एकट्या गुरुजींचं नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांची हत्या झाली, तेव्हापासून हे वाक्य आमच्या जिल्ह्यात पारावर, मोर्चात, टीव्हीच्या चर्चेत रोज ऐकू येतं. त्या खुनाचा संताप मलाही आहे. मोर्चात मीही चाललो आहे. पण त्या संतापातून जी मागणी पुढं आली आहे ती मला धोक्याची वाटते, आणि धोका गुन्हेगाराला नाही, आपल्याला आहे. म्हणून आज उत्तर देतो.

आधी समोरच्यांचं म्हणणं नीट मांडतो. ते म्हणतात: विस्तवाशिवाय धूर निघत नाही, अकरा ठिकाणी नाव आलं म्हणजे काहीतरी असणारच. दुसरं, आपल्याकडं ज्यूरी नाही, शिकलेले न्यायाधीश आहेत, त्यांच्यापुढं जुनी माहिती ठेवली तर ते वाहवत जाणार नाहीत. तिसरं, गुंडांविरुद्ध साक्षीदार उभे राहत नाहीत, राहिले तर फितूर होतात, मग रेकॉर्डशिवाय शिक्षा होणार कशी? आणि चौथं, बाईवर अत्याचार करणारा माणूस एकदाच करत नाही. आधीच्या बायकांनी केलेले आरोप पुढं आले नाहीत तर प्रत्येक बाई कोर्टात एकटी पडते.

चारही मुद्दे प्रामाणिक माणसांच्या तोंडून मी ऐकले आहेत. चारही चुकीचे आहेत.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ५४ मध्ये लिहिलं होतं की फौजदारी खटल्यात आरोपीचं पूर्वीचं वाईट चारित्र्य पुरावा म्हणून चालणार नाही. आरोपीनं स्वतःच आपण सज्जन असल्याचा पुरावा दिला तरच त्याला उत्तर म्हणून ते आणता येईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हाच नियम कलम ४९ म्हणून आला. इंग्रजांचे कायदे बदलतो असं जाहीर करून सरकारनं तिन्ही फौजदारी कायदे नव्यानं लिहिले, पण या नियमाला हात लावला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २५९ तर आणखी पुढं जातं. आरोपीला आधी शिक्षा झालेली असेल आणि त्यामुळं त्याची आताची शिक्षा वाढणार असेल, तरी सत्र न्यायालयात आताच्या गुन्ह्यात तो दोषी ठरेपर्यंत त्या जुन्या शिक्षेचा आरोप त्याला वाचूनसुद्धा दाखवायचा नाही.

म्हणजे एका न्यायालयानं पूर्ण खटला चालवून दिलेला निकालसुद्धा कायदा त्या वेळेपर्यंत दाराबाहेर थांबवतो. मग ज्या आरोपावर कुठल्याच न्यायालयानं अजून निकाल दिलेला नाही, त्याला पायघड्या घालून आत कसं घ्यायचं?

आता पहिला मुद्दा, धुराचा. त्या चौकटीतला ‘दाखल’ हा शब्द पुन्हा वाचा. सर्वोच्च न्यायालयानं १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे. माहिती खरी की खोटी हे नोंदवण्याआधी तपासत बसायचं नाही. तो निकाल योग्यच आहे, कारण गरिबाची तक्रार ठाण्याच्या दारातून परत जाऊ नये म्हणून तो आहे. पण त्याचा दुसरा अर्थही तितकाच सरळ आहे. गुन्हा दाखल झाला म्हणजे कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि ते लिहून घेतलं. जी गोष्ट सहसा न तपासता लिहून घ्यायची असा कायदा आहे, तिची बेरीज करून खरेपणा कसा काढणार? न तपासलेल्या अकरा गोष्टी एकत्र ठेवल्या तरी त्या न तपासलेल्याच राहतात.

आणि आमच्या भागात गुन्हे कशाकशातून दाखल होतात ते मला माहीत आहे. बांधावरून भांडण होतं. एक भाऊ ठाण्यात जातो, त्याची फिर्याद नोंदवली जाते. तासाभरानं दुसरा जातो, त्याची उलट फिर्याद. एका भांडणात दोन्हीकडच्या बारा जणांची नावं रेकॉर्डवर येतात, त्यात पुण्याला नोकरीला असलेला चुलतभाऊही असतो. आंदोलनात रस्ता अडवला की सरकारी कामात अडथळ्याचं कलम लागतं. पुढं सरकार बदललं की आंदोलनातले खटले मागं घेण्यासाठी समिती बसते. ऊसतोडीच्या हंगामाआधी मजूर मुकादमाकडून उचल घेतो. घरात कुणी आजारी पडलं, बायको बाळंत झाली, जाता आलं नाही, की फसवणुकीची फिर्याद. मुळात हा पैशाचा व्यवहार, पण रेकॉर्डवर तो ठकसेन होतो. यातल्या किती धुरांखाली विस्तव आहे हे गुरुजी, तुम्ही टपरीत बसून सांगू शकाल?

एक यादी मी जवळून पाहिली आहे. माझा एक पक्षकार पारधी समाजातला, नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता म्हणून कारखान्यावर जाणारे. चोरीच्या संशयावरून त्याला उचललं होतं. जामीन अर्जावर पोलिसांचं लेखी म्हणणं आलं, त्याला तक्ता जोडलेला होता. अनुक्रमांक, पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि शेवटच्या रकान्यात सद्यस्थिती. एकूण नऊ ओळी. सद्यस्थितीच्या रकान्यात नऊच्या नऊ वेळा एकच शब्द होता, ‘न्यायप्रविष्ट’.

त्याची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती. तिनं खताच्या रिकाम्या पिशवीतून कागद काढले. घडीवर फाटलेले, कडेला हळदीचे डाग पडलेले. पहिल्या दोन खटल्यांच्या निकालाच्या नकला होत्या, दोन्हींत निर्दोष मुक्तता. त्यातली एक सात वर्षांपूर्वीची. तिसरी ओळ उचलीची, ज्यात मुकादमाशी कधीच तडजोड झालेली. चौथी आणि पाचवी एकाच घटनेची, दोन ठाण्यांत नोंदलेली. सहावी ओळ तारखेला हजर राहिला नाही म्हणून. तारीख जानेवारीतली होती आणि जानेवारीत हा माणूस साडेतीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात होता. उरलेल्या तीन ओळी चॅप्टर केसच्या, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेण्याच्या, दर निवडणुकीच्या आधी एक. नवव्या ओळीपर्यंत आल्यावर त्या तक्त्यात एकही सिद्ध झालेला गुन्हा नव्हता. तरी पेपरमध्ये आलं असतं तर चौकट अशीच आली असती: ‘आरोपीवर यापूर्वी नऊ गुन्हे दाखल’.

त्या ओळी एकमेकींना जन्म देतात, हेही नीट समजून घ्या. ठाण्याच्या हद्दीत चोरी झाली की रात्री ‘रेकॉर्डवरच्या’ लोकांच्या पालांवर धाड पडते. त्यातून एक अटक होते, तिची एक ओळ वाढते. पुढच्या चोरीला ती ओळ संशयाचं कारण होते. सणाआधी ज्यांना बंधपत्र लिहून द्यायला बोलावतात ती नावं जुन्या यादीतून काढतात. दहा वर्षांनी ती यादी हातात घेऊन कुणी म्हणतं, एवढ्या वेळा नाव आलं ते उगाच का? त्याचं नाव एवढ्या वेळा आलं कारण ते पहिल्यांदा आलं होतं.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या एका हिस्ट्रीशीटच्या, म्हणजे पोलिसांनी माणसावर ठेवलेल्या पाळतीच्या नोंदीच्या, प्रकरणात नोंदवलं की मागास समाजांतल्या, अनुसूचित जाती-जमातींतल्या निरपराध लोकांच्या हिस्ट्रीशीट केवळ पूर्वग्रहातून उघडल्या जात असल्याचं दिसतं, आणि राज्यांनी यात लक्ष घालावं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, तुरुंगांतल्या जातिभेदावरच्या सुकन्या शांता खटल्यात, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीनं अटक होणार नाही याची काळजी घ्या असं त्याच न्यायालयानं पोलिसांना बजावलं.

आता याच यादीची दुसरी बाजू पाहू. आमच्या जिल्ह्यात खरी दहशत असलेल्या माणसाचं रेकॉर्ड कसं असतं? पुष्कळदा कोरं असतं, कारण त्याच्याविरुद्ध ठाण्यात जायची कुणाची छाती होत नाही. गेलाच तर त्याला समजावून परत पाठवतात. खंडणी देणारा गप्प राहतो, जमीन गेलेला गप्प राहतो. मस्साजोगच्या खटल्यातल्या आरोपींबद्दल मी इथं एक अक्षर लिहिणार नाही, तो खटला न्यायालयापुढं आहे. पण त्या प्रकरणानंतर जिल्ह्यातले लोक जे एकमेकांना सांगू लागले ते आठवा. वर्षानुवर्षांच्या कितीतरी गोष्टी अशा निघाल्या की ज्यांची कुठं नोंदच नव्हती. मग यादीवर न्याय करायचा ठरवलं तर कोण सापडेल? नऊ ओळींचा ऊसतोड मजूर सापडेल. कोऱ्या पाटीचा दादा चारित्र्याचा दाखला घेऊन घरी जाईल. रेकॉर्डची जाडी माणसाची कृत्यं मोजत नाही, पोलिसांची नजर कुणावर असते ते मोजते.

दुसरा मुद्दा, न्यायाधीश शिकलेले आहेत हा. आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण संसदेनं १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता केली तेव्हा ज्यूरी हद्दपार झाली होती. खटला एकटे न्यायाधीशच चालवणार हे माहीत असूनही जुनी शिक्षा आधी वाचू नये हे कलम ठेवलं, आणि २०२३ मध्ये पुन्हा ठेवलं. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की काळा कोट घातला म्हणून माणसाचं मन बदलत नाही. साक्ष डळमळीत आहे, ओळखपरेड उशिरा झाली आहे, पंच म्हणतो मी फक्त सही केली. अशा खटल्यात समोर नऊ ओळींचा तक्ता ठेवला तर काय होईल? संशयाचा फायदा द्यायचा तिथं मन म्हणेल, हा गुन्हा याचा नसला तरी दुसरा कुठला तरी असेलच. त्या क्षणी खटला संपतो. पुढं उरतं ते माणसाच्या स्वभावाबद्दलचं मत, आणि स्वभावाला शिक्षा देण्याचं कलम आपल्या कुठल्याही कायद्यात नाही.

हे घडलेलं आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात बॉम्बस्फोट झाले आणि तीसहून अधिक लोक मेले. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं नऊ मुस्लिम पुरुषांना पकडलं, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का लावला. त्यांना जामीन मिळायला २०११ चा नोव्हेंबर उजाडला. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. तोवर त्यांच्यातला एक जण वारला होता. न्यायालयानं आदेशात काय म्हटलं? या लोकांचा स्फोटाशी संबंध नव्हता, त्यांची पूर्वीची पार्श्वभूमी होती आणि त्यामुळं ते बळीचे बकरे झाले. गुरुजी, तुम्ही जी यादी न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवायला सांगता, ती इथं तपास अधिकाऱ्यांच्या टेबलावर होती. तिनं खऱ्या गुन्हेगारांपर्यंत नेलं नाही. तिनं नऊ घरं उद्ध्वस्त केली आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांची पाच वर्षं चुकीच्या माणसांकडं बघण्यात घालवली.

आपल्याच राज्यातलं आणखी एक उदाहरण याहून भयंकर आहे. जून २००३ मध्ये एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला, बलात्कारही झाला. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं सगळ्यांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षं. त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. घटनेतून वाचलेल्या बाईनं पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांच्यावर खटलाच चालला नाही. या सहा जणांच्या बाबतीत त्यांच्या जातीचं नाव हीच यादी झाली. आणि ज्या घरातले पाच जण गेले त्या घराला अजून कळलेलं नाही की मारणारे कोण होते.

तिसरा मुद्दा साक्षीदारांचा. साक्षीदार फितूर होतात हे मी डोळ्यांनी पाहतो. काल ज्यानं सगळं सांगितलं तो आज पिंजऱ्यात म्हणतो, मला काही माहीत नाही. पण त्यावर उपाय काय? साक्षीदाराला संरक्षण द्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर करून ती राज्यांना लागू केली आहे, ती तालुक्यापर्यंत आणा. पंच म्हणून दर वेळी ठाण्याबाहेरचा तोच पानटपरीवाला उभा करू नका. न्यायवैद्यक अहवाल महिनोन् महिने रखडू देऊ नका. मोबाईलचे तपशील, सीसीटीव्हीचं चित्रण वेळेवर जप्त करा, नाही तर ते पुसलं जातं. ही कामं अवघड आहेत, म्हणून सोपी यादी पुढं करायची का? घराचा पाया खचला तर कुणी भिंतीला रंग देऊन घर उभं राहिलं म्हणत नाही. यादी चालते असं एकदा ठरलं की तपास करायचं कारणच उरणार नाही. आणि तपास न झाल्याचा फायदा कोरं रेकॉर्ड असलेल्यालाच होईल.

काही जण म्हणतात, मोक्का आहे ना, त्यात चालतं. चालतं, हे खरं आहे. १९९९ च्या या कायद्यात मागच्या दहा वर्षांतली एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं हाच गुन्ह्याच्या व्याख्येचा भाग आहे. कलम १७ सांगतं की आरोपीला पूर्वी चॅप्टर केसमध्ये बंधपत्र द्यावं लागलं होतं, किंवा त्याला स्थानबद्ध केलं होतं, किंवा याच कायद्याखाली त्याच्यावर खटला चालला होता, ही गोष्ट न्यायालय पुरावामूल्य असलेली म्हणून विचारात घेऊ शकतं. पूर्वी खटला चालला होता, एवढंच. त्यात तो सुटला होता की नाही, याबद्दल ते वाक्य गप्प आहे. संघटित टोळ्यांसाठी केलेला हा अपवाद आहे आणि मालेगावच्या नऊ जणांना याच कायद्याखाली कोंडलं होतं. अपवादानं एवढं नुकसान केलं असताना त्याचा नियम करा असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

चौथा मुद्दा मला सगळ्यात जवळचा, कारण तो पीडित बाईच्या बाजूनं मांडला जातो. त्याला उत्तर मुंबईच्या शक्ती मिलच्या खटल्यांनी दिलं आहे. २२ ऑगस्ट २०१३ रोजी तिथं एका छायापत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. ती बातमी आल्यावर दुसरी तरुणी पुढं आली. तिच्यावर ३१ जुलैला त्याच जागी अत्याचार झाला होता. तिचा आरोप पहिल्या खटल्याला शेपूट म्हणून जोडला नाही. तिच्या तक्रारीचा स्वतंत्र गुन्हा नोंदवला, स्वतंत्र खटला चालला, तिची साक्ष तिच्या खटल्यात झाली. मार्च २०१४ मध्ये दोन्ही खटल्यांत आरोपी दोषी ठरले. आधीच्या बाईला खरा न्याय असाच मिळतो. तिचं दुःख दुसऱ्या कुणाच्या खटल्यात तोंडी लावायला वापरून मिळत नाही. एकाच प्रकारचे गुन्हे एका वर्षाच्या आत झाले असतील तर ठरावीक संख्येपर्यंत ते एकत्र चालवायची सोय संहितेत आहे. आधीची घटना हेतू किंवा जाणीवपूर्वक केलेली कृती दाखवत असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम १२ आणि १३ मध्ये तिला जागा आहे. दार बंद नाही. फक्त आत यायला काहीतरी सिद्ध करण्याजोगं हातात लागतं.

आणि दार सताड उघडलं तर काय होतं तेही जगानं पाहिलं. हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याला न्यूयॉर्कमध्ये २०२० साली लैंगिक अत्याचाराबद्दल शिक्षा झाली. त्या खटल्यात आरोपपत्रात नसलेल्या घटनांबद्दल तीन महिलांची साक्ष घेतली होती. २५ एप्रिल २०२४ रोजी तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी नेमक्या त्याच कारणावरून निकाल रद्द केला. ज्या तक्रारदार महिलांसाठी हे केलं त्यांनाच फेरखटल्यात पुन्हा साक्षीला उभं राहावं लागलं. कच्च्या पायावरचा निकाल अपिलात कोसळतो आणि तो कोसळतो पीडितेच्याच अंगावर.

याहून मोठी गोष्ट आपण विसरत आहोत. माणसाचा भूतकाळ उकरण्याची मुभा दिली की ती कुणाविरुद्ध वापरली जाते? देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा मथुरा खटला आठवा. सत्र न्यायालयानं तिच्या पूर्वायुष्यावर बोट ठेवलं, तिला शरीरसंबंधाची सवय आहे असं लिहिलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दिलेली शिक्षा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. देशभरच्या बायका रस्त्यावर उतरल्या, कायदे बदलायला लागले. पीडितेचं चारित्र्य काढू नये हे कायद्यात पुरतं उतरायला पुढची कित्येक वर्षं गेली. ‘आधी काय केलं ते बघा’ हे वाक्य त्या मुलीला गिळून गेलं होतं. ते वाक्य आज आरोपीविरुद्ध सोयीचं वाटतं म्हणून पुन्हा न्यायालयात आणायचं का? माणूस आधी कसा वागला यावरून आजचं खरं-खोटं ठरत नाही, हे तत्त्व बाईसाठी खरं असेल तर सगळ्यांसाठी खरं आहे.

मी एवढंच मान्य करतो की सिद्ध झालेल्या जुन्या गुन्ह्याला जागा आहे. ती शिक्षा ठरवताना आहे. जामिनाच्या वेळीही न्यायालय पूर्वेतिहास पाहतं, पण तिथंही सद्यस्थितीचा रकाना खरा भरलेला असला पाहिजे. दोषी कोण हे ठरवताना मात्र त्या रात्री, त्या जागी, त्या माणसानं काय केलं एवढाच प्रश्न आहे.

भूतकाळावरून दोषी ठरवण्याचा प्रयोग आपल्याकडं एकदा पूर्ण करून झालेला आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मलेलं पोर पाळण्यातच संशयित. ठाण्यात हजेरी, गाव सोडायला परवानगी, सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत. त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. त्या कायद्यामागचा विचारही हाच होता की हे लोक आधी करत होते, म्हणून आताही यांनीच केलं. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला ते कुंपण निघालं. आमच्या शेजारच्या लातूरच्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ लिहून सांगितलं की कुंपण निघालं तरी शिक्का निघत नाही. त्या पुस्तकाला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार दिला, टाळ्या वाजवल्या. आणि आता तोच शिक्का पुन्हा पुराव्याच्या यादीत घाला म्हणतो आहोत.

गुरुजी, तुम्हाला आठवत असेल. चौथीत एकाची नवी कंपासपेटी हरवली होती. सगळ्या वर्गानं गावाबाहेरच्या पालातून येणाऱ्या पोराकडं बोट दाखवलं, मीही दाखवलं. त्यानं आधी एकदा कुणाची तरी पेन्सिल घेतली होती, म्हणून. तुम्ही त्याला एकट्याला उभं केलं नाहीत. तुम्ही सगळ्यांची दप्तरं उघडायला लावलीत, पाटलांच्या पोराचंसुद्धा. पेटी कुठं सापडली ते मी इथं लिहीत नाही, पण त्याच्या दप्तरात नव्हती.

मस्साजोगच्या खुनाचा निकाल त्या खुनाच्या पुराव्यावर लागला पाहिजे, म्हणजे तो कुठल्याही अपिलात टिकेल. पालातल्या मजुरावरच्या चोरीचा निकाल त्या चोरीच्या पुराव्यावर लागला पाहिजे, म्हणजे खरा चोर सापडेल. पुरावा नसेल तर तो शोधायला लावा, तपास अधिकाऱ्याला जाब विचारा, आमदाराला विचारा, मोर्चा काढा, मी पुढं असेन. पण नऊ ओळींचा तक्ता दाखवून कुणाला तुरुंगात पाठवा म्हणाल, तर मी त्या तक्त्याच्या विरुद्ध उभा राहीन. ज्यावर कुणी निकाल दिला नाही असा आरोप एक असो की अकरा, तो पुरावा नव्हे.